मठाच्या फोटोतली हातभर जागा

कुसुम,

तो फोटो सध्या माझ्याकडं आहे. लातूरच्या घरात, जेवणाच्या टेबलावर, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला. सिस्टर लीनांनी स्वतः रिक्षा करून आणून दिला. मठ बंद होतोय हे तुला माहीत होतं. शाळा तर केव्हाच लातूरला आली. तिथं दोनच सिस्टर उरल्यात, दोघींचे गुडघे गेलेत, त्यांनाही आता त्यांच्या मोठ्या घरी बोलावून घेतलंय. पुढचा हॉल तेवढा लोकांना बघायला ठेवणार आहेत. त्यात हा फोटो लावायचा आणि खाली पितळी पट्टीवर तीन-चार ओळी कोरायच्या.

"त्या काळातल्या तुम्ही दोघीच राहिलात," सिस्टर लीना म्हणाल्या. "तुम्ही आणि कुसुमताई. दोघींनी मिळून लिहून द्या."

मी म्हटलं, सिस्टर, कुसुम गेली.

त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. त्यांनी कपाळाला आणि छातीला हात लावला, डोळे मिटून बसल्या. मग म्हणाल्या, "मग तुम्ही एकट्याच लिहा."

एकटीनं लिहायचं. अख्ख्या जन्मात ज्या एका गोष्टीवरून आपण भांडलो, तिच्यावरचा शेवटचा शब्द मला असा आयता हातात मिळाला. नको होता असं मी म्हणणार नाही. हवाच होता, कायम. पण तू समोर बसलेली असताना.

काल काच पुसून फोटो पुन्हा बघितला. तुला तो तोंडपाठ होता आणि मलाही, तरी बघितला. निजामाच्या काळातली ती काळ्या दगडाची इमारत, वर छोटी घंटा, पुढं पान नसलेला लिंब. उजवीकडं विहीर, विहिरीवर पांढऱ्या कपड्यातल्या सिस्टर रेजिना, रहाटाचा दोर हातात. आणि फाटकापासून विहिरीपर्यंत घागरींची रांग. रांगेत माणूस एकही नाही. पुढं पितळी घागरी, तांब्याच्या कळशा, उन्हात चमकणाऱ्या. मागं मातीच्या घागरी, जर्मनची भांडी, तेलाचे पत्र्याचे डबे. ते चमकत नाहीत. आणि दोन्हींच्या मधी ती जागा. हातभर.

हे पत्र पुढं छापायला द्यायचं आहे, म्हणून तुला ठाऊक असलेलंही थोडं सांगावं लागतंय. कंटाळू नको.

बहात्तरचा दुष्काळ. आपला गाव मुरुडपासून आत, फाट्यावर उतरून चालायचा. गावातल्या दोन्ही विहिरी कोरड्या पडल्या, एक तुमची, एक आमची. सगळी माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. खायला रेशनवर मिळणारं परदेशी धान्य, लाल मिलो. त्याची भाकरी थापली की तडकायची, आणि तुझी आई म्हणायची, ही जवारी न्हाई, हिला माणसाची ओळखच न्हाई. मठाच्या विहिरीला तेवढं पाणी होतं, तेही झिरपून साठायचं. थोडं साठलं की शेंदायचं, मग थांबायचं. माणसं थांबली तर मजुरी बुडायची. म्हणून सिस्टर रेजिनांनी ठरवलं, की रांगेत माणसांनी उभं राहायचं नाही, भांड्यांनी राहायचं. घरटी दोन भांडी. सकाळी ठेवून कामावर जा, आल्यावर भरलेली घेऊन जा. पाणी सिस्टर आणि बोर्डिंगातल्या मोठ्या मुली शेंदणार. दुसऱ्या कुणी रहाटाला हात लावायचा नाही.

गावाला हे पटलं. का पटलं ते सिस्टरांना कधीच कळलं नाही. त्यांना वाटलं, शिस्त आवडली. खरं म्हणजे सिस्टरांनी शेंदलेलं पाणी दोन्हीकडं चालत होतं. त्या तुमच्यातल्या नव्हत्या आणि आमच्यातल्याही नव्हत्या. विहिरीला कोण शिवतंय हा प्रश्नच मिटला.

आणि रांग सरकवायचं काम आपल्या दोघींना मिळालं. त्यांच्या शाळेत एकाच वर्गातल्या. भरलेली भांडी बाजूला काढली की मागची पुढं सरकवायची. सिस्टरांचा नियम होता, जे भांडं आधी ते आधी. पण आमच्या बाया पहाटेच येऊन फाटकाबाहेर बसायच्या आणि गावच्या घागरी लागेपर्यंत बसूनच राहायच्या. सिस्टर कौतुकानं म्हणायच्या, "किती समजूतदार लोक! बिलकुल घाई नाही."

गावच्या घागरी तू सरकवायचीस, आमच्या मी. हे आपल्याला कुणी वाटून दिलं नव्हतं. तुझी आई सांगायची, त्यांच्या भांड्याला भांडं लागू देऊ नको. माझी आई पण अगदी हेच सांगायची, त्यांच्या भांड्याला लागू देऊ नको गं बाई, उगं तकरार नको. तुझी घागर जिथं संपायची आणि माझा डबा जिथं सुरू व्हायचा, तिथं ती जागा असायची. रांग पुढं सरकली की ती पण सरकायची. आपण दोघी तिच्या दोन बाजूंना उकिडव्या बसून चिंचोक्यांनी खेळायचो. खेळताना आपले हात त्या जागेत असायचे. भांडी नसायची.

तेव्हा ती जागा मला दिसलीच नाही, हेही खरं सांगते. रोजच्या वस्तूंत काय बघायचं? दिसली ती फोटोत. कुणी परदेशी पाहुणे मठ बघायला आले होते, त्यांनी तो काढला आणि पुढं कधीतरी मोठा करून पाठवला. सिस्टरांनी काच लावून हॉलमधी टांगला. आपण दोघी खाली उभ्या राहून बघत होतो. तू म्हणालीस, "आमची घागर वळखली का? तिसरी." मी त्या जागेकडं बघत होते. तू माझ्या नजरेमागं नजर नेलीस. मग म्हणालीस, "चल, घंटा झाली." घंटा झाली नव्हती.

तुझं लग्न लवकर झालं. पार भोकरला दिली तुला. बारकी असताना आपण भोकरचं नाव पण ऐकलं नव्हतं. मी मॅट्रिक होऊन नांदेडला कॉलेजात गेले, वसतिगृहात राहिले. आमच्या वस्तीतली पहिली बी.ए. मी आहे. हे मी कुणी न विचारता सांगते, त्यावरून तू मला फार चिडवायचीस. "नाव विचारलं की आदी बी.ए. सांगती, मग विमल." असू दे. मी ते फुकट मिळवलं नाही. बौद्ध दीक्षा घेतलेल्या घरातली पोर मी, देवाला नवस बोलून पास झाले असंही म्हणता येत नव्हतं. अभ्यासच करावा लागला.

नांदेडच्या त्या दिवसांत तू होतीस म्हणून मी टिकले. हे तुला कधी तोंडावर म्हटलं नाही. दवाखान्याचं निमित्त काढून तू भोकरहून एस.टी.नं यायचीस. पिशवीत जवारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कधी अंबाडीची भाजी. वसतिगृहाच्या मागच्या पायरीवर बसून आपण जेवायचो, एका डब्यात दोघींचे हात. पहिल्यांदा मी थांबले होते. तू म्हणालीस, "खा की. हितं कोण बघून राहिलंय?"

भोकरला गेल्यावर तुझं बोलणं बदललं होतं. 'कशाला'चं 'काऊन' झालं होतं. मला हसू आलं आणि मी जेवले. पण ते वाक्य माझ्यात कुठंतरी अडकून राहिलं. कुणी बघत नव्हतं म्हणून जेवलीस, की कुणी बघितलं असतं तरी जेवली असतीस? मी विचारलं नाही. डब्यातली भाकरी संपेल, तू उठून जाशील, आणि मग खोलीवर कुणीच नसेल, एवढंच तेव्हा डोक्यात असायचं.

त्याचं उत्तर तू फार उशिरा दिलंस. तुझ्या लेकाच्या लग्नात. जावा, नणंदा, गावातली सगळी जाणती मंडळी पंगतीत होती. मला तू तुझ्या शेजारी बसवलंस, आणि माझ्या ताटातला अर्धा लाडू उचलून तोंडात टाकलास. तुझ्या मोठ्या जावेचा हात ताटातच थांबला. तू तिला म्हणालीस, "काय बघता? गोड कमी खाती ती. वाया जाईल." एवढंच. आणि पाणी मागितलंस. मी त्या दिवशी तुला काहीतरी म्हणायला हवं होतं, पण तू लगेच वाढप्यावर ओरडायला लागलीस, भातावर वरण कुठं हाय म्हणून.

लातूर जिल्हा झाला तेव्हाची गोष्ट मात्र मी अजून विसरलेले नाही आणि तूही विसरली नव्हतीस.

नव्या जिल्ह्याच्या कचेऱ्या उघडत होत्या, माणसं हवी होती. मला नोकरी लागली. पहिले काही दिवस आम्हाला टेबलं होती आणि खुर्च्या यायच्या होत्या. मी उभ्यानं फायली लिहिल्या आणि मला त्याचंही काही वाटलं नाही. तू माहेरी आली होतीस. "पत्त्यात आता उस्मानाबाद न्हाई लिवायचं व्हय? गाव तिथंच, अन् जिल्हाच आला उठून," असं म्हणून हसलीस. मग म्हणालीस, चल, मठात जाऊन येऊ, सिस्टरांना तुझी नोकरी सांगू.

आपण गेलो. सिस्टर रेजिना थकल्या होत्या. हाताचे घट्टे गेले नव्हते. मला जवळ घेतलं, कपाळावर बोटानं काहीतरी केलं. मी चालवून घेतलं. मग सरबत करायला आत गेल्या आणि आपण फोटोखाली उभ्या राहिलो. मी नवी नोकरीवाली, नवी साडी, अंगात वारं. मी म्हटलं, "ती जागा बघ."

"बघितलीया."

"मग म्हण काहीतरी."

"काय म्हणू? फोटो हाय."

सिस्टर ट्रे घेऊन आल्या. "काय बघता मुली? माझी आवडती फोटो आहे. मी सगळ्या पाहुण्यांना सांगते. एक गाव, एक लाईन."

आणि मी त्यांना सांगितलं. सरळ सांगितलं, मला आडवळणानं येत नाही. इथपर्यंत गावची भांडी, इथून आमची, मधली जागा शिवू नये म्हणून. कुसुम तिकडून सरकवायची, मी इकडून.

त्यांनी ट्रे खाली ठेवला. चष्मा काढला, फोटोला नाक लागेल इतक्या जवळ गेल्या. मग म्हणाल्या, "पण मी रोज तिथं होते, विमल. रोज. मला कसं नाही दिसलं?" आणि भिंतीजवळच्या बाकावर बसल्या. सरबताकडं कुणी बघितलं नाही.

तेव्हा तू बोललीस. "सिस्टर, तसं काई न्हाई. ही लई शिकली म्हणून हिला कुठंबी दिसतंय. तिथं आमची घागर होती. गळकी निघाली, म्या उचलून बाजूला काढली. तेवढ्यात त्या पाहुण्यानं फोटो काढला."

सिस्टरांनी तुझ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"खोटं बोलतीय," मी म्हटलं.

त्यांनी तुला बाकावर जवळ बसवलं. तुझा हात धरून बसल्या. त्यांनी तुझ्यावर विश्वास ठेवला, कुसुम. ठेवायचाच होता त्यांना. त्यानंतर मरेपर्यंत त्या पाहुण्यांना सांगत राहिल्या की या जागेत एका लहान मुलीची गळकी घागर होती.

फाट्यापर्यंतच्या वाटेवर आपण किती भांडलो. वाटेतली माणसं थांबून बघत होती.

"त्या बाईनं रक्त येईस्तोवर दोर वढला," तू म्हणालीस. "तिला म्हातारपणी हे सांगायचं व्हय? की तुझा समदा दुष्काळ शिवाशिवीत गेला म्हणून?"

"मग कधी सांगायचं?"

"काऊन सांगायचं? तुला ठाव हाय, मला ठाव हाय."

"तू तर आत्ताच म्हणालीस घागर होती म्हणून!"

"ती सिस्टरपुरती."

"आणि माझ्यापुरतं काय?"

तू पुढं चालायला लागलीस. एस.टी.त माझ्या पुढच्या बाकावर जाऊन बसलीस. मुरुडला गाडी थांबली तशी खिडकीतून शेंगा घेतल्यास, मागं न बघताच हात मागं केलास आणि अर्ध्या माझ्या मांडीवर टाकल्यास. मी खाल्ल्या. राग होता, पण भूकही होती.

सिस्टरपुरती म्हणालीस, पण ती घागर मग तुलाच चिकटली. पुढच्या खेपेला मी विषय काढला तर म्हणालीस, होतीच की घागर. चुलतीनं आधीच नेली होती. मी म्हटलं, मागं गळकी होती. तू म्हणालीस, गळकी होती म्हणूनच नेली. भूकंपात मठाच्या भिंतीला तडा गेला, फोटोची काच फुटली, आपण दोघी बघायला गेलो, तेव्हा म्हणालीस की त्या दिवशी घागरीला कुत्रं शिवलं होतं, म्हणून आईनं घासायला नेली.

"कुत्रं शिवलं तर घासून चालायचं," मी म्हटलं. "आमचं शिवलं तर?"

तुझा चेहरा पडला होता. मला वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं. दोन्ही खरं आहे.

फोन आले तेव्हापासून तर भांडायला निमित्तही लागत नव्हतं. तब्येत, पाऊस, सोयाबीनचा भाव, सुना, मग कुठूनतरी घागर. माझा नवरा गेल्यावर घरात दिवसचे दिवस कुणाशी बोलणं नसायचं. तू फोन करायचीस, तिकडून पहिलं वाक्य, "काय म्हणून राहिली बी.ए.?" आणि मी मुद्दाम म्हणायचे, "फोटोचं काय ठरवलंस?" मग तू सुरू. तू चिडलीस की तुला दम लागायचा, तरी थांबायची नाहीस. तो आवाज घरात भरून राहायचा. फोन ठेवल्यावर पण राहायचा थोडा वेळ.

तू कबूल करावंस असं मला वाटायचं. एकदा म्हणावंस, होय, जागा होती आणि मी सोडायची. मी काही दंड करणार नव्हते. तू तेव्हा केवढी होतीस, मी केवढी होते! पण माझ्या आईनं फाटकाबाहेर जे तास काढले, ते कुठंतरी नोंद व्हावेत एवढंच. तुझ्या गोष्टीत ती जागा भरून जायची, घागरीनं. आणि ती भरली की माझी आई त्या फोटोतून पुसली जायची. हे मी तुला इतक्या शब्दांत कधी सांगितलं नाही. भांडणात सांगायचं राहून गेलं.

मग नांदेडचा दवाखाना. दुपारची वेळ. तुझी सून वर्षा औषधं आणायला खाली गेली होती. तू रोडावली होतीस, बांगड्या कोपरापर्यंत जात होत्या. मी मोसंबी सोलत होते. तू छताकडं बघत म्हणालीस, "विमल, तिथं घागर नव्हती."

"कुठं?"

"तुला ठाव हाय कुठं. जागा म्याच सोडायची. आई म्हणायची वीतभर बास, म्या हातभर सोडायची. चुकून लागंल म्हणून भ्यायची मी."

हे ऐकायला मी जन्म काढला होता, कुसुम. मोसंबीची फोड तुझ्यापुढं धरून मी म्हटलं, "असंल गं घागर. तू विसरली असशील. इतकी वर्षं झाली."

तू मान वळवून माझ्याकडं बघितलंस. डोळे तेच, भांडायचे.

"पलटली का तू?"

"पलटले नाही. म्हणते, असंल."

"जलमभर भांडलीस, अन् आता माझी दया करून राहिली व्हय?" तुला खोकला आला. मी पाणी द्यायला गेले तर हात बाजूला केलास. "म्या कबूल करून राहिले तर घे की. घागर न्हवती. लिहून देऊ का?"

"बरं बाई, नव्हती."

"बरं काऊन म्हणती?"

वर्षा आली आणि आपण विषय तिथंच सोडला. मी निघताना तू म्हणालीस, "पुढल्या बुधवारी ये. बोलायचं हाय." बुधवार आला तेव्हा मी भोकरच्या गाडीत होते, तू गेलीस म्हणून तुझ्या घरी जायला, आणि तू तिथं नव्हतीस.

दया नव्हती, कुसुम. हे तुला सांगायचं राहिलं. तू कबूल केलंस तेव्हा मला असं वाटलं की तू आवराआवर करतीयस. भांडण मिटवलं की तुला जायला मोकळं. म्हणून मी घागर परत ठेवली. तुझीच घागर, तुझ्याच जागी. एवढी शिकलेली मी, आणि मला तेवढंच सुचलं.

आता त्या ओळी. सिस्टर लीनांना फोटोची जुनीच गोष्ट माहीत आहे, गळक्या घागरीची. त्या म्हणाल्या, तेच लिहिलं तरी छान आहे, मुलांना आवडेल. परवा वर्षाचा फोन आला होता. तिलाही कुठूनतरी कळलं. "मावशी, त्या पट्टीवर आत्याबाईंचं नाव येईल ना? आमच्या पोरीला त्या लई सांगायच्या, फोटोत माझ्या घागरीची जागा हाय म्हणून. पोरगी वर्गात सगळ्यांना सांगून बसलीय. तिला नेऊन दाखवायचंय."

म्हणजे सिस्टरपुरती घागर तू नातीपर्यंत नेलीस. आणि दवाखान्यात जे बोललीस ते ऐकायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मी घागर लिहिली तर सगळे खूश. तुझी नात, सिस्टर लीना, वरच्या सिस्टर रेजिना पण, त्यांच्या हिशोबानं वर कुणी असेल तर. आणि माझी आई फाटकाबाहेर बसलेली राहील, तशीच, कुणाला न दिसता. खरं लिहिलं तर तुझं नाव लहान पोरीपुढं खाली येईल, आणि तू उठून आपली बाजू सांगायला नाहीस.

दोन दिवस मी कागद पुढं घेऊन बसले. तुझं नाव गाळून बघितलं. मग ते मला गळक्या घागरीपेक्षा जास्त खोटं वाटलं. शेवटी हे लिहिलं:

"बहात्तरच्या दुष्काळात या मठाच्या सिस्टरांनी साऱ्या गावाला आपल्या हातांनी पाणी शेंदून दिलं. रांग एकच होती. मधली मोकळी जागा गावच्या आणि बौद्धवस्तीच्या भांड्यांचा स्पर्श होऊ नये म्हणून सोडलेली आहे. पाठीमागच्या भांड्यांच्या बाया पहाटेपासून फाटकाबाहेर बसत. ही रांग कुसुम आणि विमल या दोन मैत्रिणी सरकवत."

मैत्रिणी हा शब्द मी तीनदा खोडला आणि पुन्हा लिहिला.

कोरायला देण्याआधी वर्षाला सांगणं मला भाग होतं. तिला अंधारात ठेवून मी काही करणार नाही. फोन केला, ओळी वाचून दाखवल्या. दवाखान्यातलं बोलणंही सांगितलं, जसं झालं तसं. तिकडं कुकरची शिट्टी होत होती. ती म्हणाली, "बरं मावशी."

"तुला काही म्हणायचं असेल तर म्हण. राग आला असेल तर तो पण म्हण."

"न्हाई, मी काय म्हणू? तुम्ही लिहिलंय म्हणजे बरोबरच असंल."

"अगं, तुझ्या सासूनं आयुष्यभर वेगळं सांगितलं. नातीला काय सांगशील?"

"तुम्ही म्हणता तेच सांगते की. तुम्ही शिकलेल्या." मग तिनं विचारलं, जेवण झालं का, गोळ्या घेतल्या का. पोरगी वागायला चांगली आहे. तू तिला उगीच बोलायचीस.

मी फोन कानाला लावून थांबले. ती भांडली असती तर मी ऐकून घेतलं असतं, एखादी ओळ बदलली पण असती. तिनं चहाला हो म्हणावं तसं हो म्हटलं आणि ठेवला.

मग मी फोटोसमोर खुर्ची ओढून बसले आणि तुझी बाजू मोठ्यानं मांडायला लागले. घागर होती. गळकी होती. चुलतीनं नेली. कुत्रं शिवलं. सिस्टरला म्हातारपणी हे सांगायचं व्हय? रिकाम्या घरात, तुझ्यासारखा आवाज काढून. पण मला ते तुझ्यासारखं जमेना. प्रत्येक वेळी मीच जिंकत होते.